धातूचा खुबा : दुखण्याची वाट न पाहता तपासणी



खुब्याच्या सांध्याचे रोपण ही आधुनिक शल्यचिकित्सेतील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक होय. अंथरुणाला खिळलेली असंख्य माणसे तिच्यामुळे पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली आहेत. या शस्त्रक्रियेविषयी भीती निर्माण करणे हा आजच्या बोलण्याचा हेतू नाही. ज्यांच्या कृत्रिम खुब्यातील गोळाही धातूचा आहे आणि वाटीही धातूचीच आहे, अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे बोलणे आहे. त्यांना सांगायची मुख्य गोष्ट एकच : अशा सांध्यामुळे होणारी इजा वेदना जाणवण्याच्या आधीच सुरू झालेली असू शकते. म्हणून दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. आणि त्यासाठी आपल्या शरीरात नेमका कोणता सांधा बसवला आहे, हे प्रथम माहीत करून घ्यावे.

हा सांधा कोणता?

आपला खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत बसतो आणि तिथे फिरतो. कृत्रिम सांध्यातही हीच रचना असते : एक गोळा आणि एक वाटी. फरक असतो तो एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांच्या पदार्थांत. बहुसंख्य रुग्णांमध्ये गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा असतो आणि वाटीच्या आत पॉलिएथिलीन या टणक प्लास्टिकचे किंवा सिरॅमिकचे अस्तर असते. काही सांध्यांत मात्र दोन्ही पृष्ठभाग कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचे असतात. त्यालाच 'धातूवर धातू' प्रकारचा खुबा म्हणतात. याचे दोन उपप्रकार आहेत. एकात मांडीच्या हाडाचा माथा कापून दांडीसह नवा गोळा बसवतात. दुसऱ्यात माथा न कापता त्यावर धातूची टोपी चढवतात.

हा प्रकार पूर्वी लोकप्रिय होण्याला कारणे होती. प्लास्टिकचे अस्तर वर्षानुवर्षे झिजते, धातू कमी झिजेल आणि सांधा अधिक टिकेल, अशी अपेक्षा होती. धातूचा गोळा मोठ्या आकाराचा बसवता येई. त्यामुळे तो निखळण्याची शक्यता कमी होई आणि हालचाल अधिक मोकळी होई. आपल्या देशात जमिनीवर बसणे, उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे हा दिनक्रमाचा भाग आहे. शिवाय येथे खुब्याच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे किंवा मणक्यांच्या आमवातामुळे तिशी-चाळिशीतच सांधा बदलावा लागणारे रुग्णही बरेच असतात. तरुण आणि कामकरी माणसासाठी हा सांधा योग्य, असे त्या काळी अनेक शल्यचिकित्सकांना वाटले, ते यामुळेच.

गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवलेल्यांनी आजचा इशारा स्वतःला लावून घेऊ नये. तेथे सर्वसाधारणपणे धातू प्लास्टिकवर फिरतो.

नेमके काय बिघडते?

धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण सुटतात. त्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियम विद्युतभारित रूपात, म्हणजे आयनांच्या रूपात, आसपासच्या द्रवात आणि तेथून रक्तात उतरतात. वाटी फार उभट कोनात बसली असेल, तर गोळ्याचा भार वाटीच्या काठावर येतो आणि झीज वाढते. गोळा ज्या निमुळत्या टोकावर बसवलेला असतो, त्या जोडावरही क्षरण होते; मोठ्या गोळ्यांमध्ये याचा विशेष त्रास दिसून आला आहे. टोपी चढवण्याच्या प्रकारात लहान आकाराचे सांधे लवकर निकामी होतात, म्हणून स्त्रियांमध्ये धोका अधिक आढळतो.

या कणांना शरीर दोन प्रकारे प्रतिसाद देते. पेशींना त्यांची थेट बाधा होते, आणि रोगप्रतिकार यंत्रणाही त्यांच्याविरुद्ध उभी राहते. सांध्याभोवती द्रव साठतो, कधी गाठ तयार होते. ही गाठ कर्करोगाची नसते, म्हणून तिला 'आभासी गाठ' म्हणतात. परंतु ती निरुपद्रवीही नसते. ती वाढत राहिली, तर खुबा स्थिर ठेवणारे स्नायू नष्ट होतात, हाड पोखरले जाते, क्वचित मज्जातंतूंवर किंवा रक्तवाहिन्यांवर दाब येतो. यांपैकी बरेच काही साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाही. या अवस्थेत काही रुग्ण व्यवस्थित चालत असतात, हेच या आजाराचे सर्वांत फसवे रूप होय.

धातूची संवेदनशीलता म्हणजे काय?

खोटे दागिने, घड्याळाचा पट्टा किंवा पँटचे धातूचे बटण टेकते तिथे खाज सुटून पुरळ उठते, हे अनेकांना ठाऊक आहे. बहुधा ती निकेलची ॲलर्जी असते. कोबाल्ट आणि क्रोमियमचीही अशी ॲलर्जी होते. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूत थोडे निकेलही असते. म्हणून सांधेरोपणापूर्वी असा त्रास असल्यास तो शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगावा. वेगळ्या पदार्थांचा सांधा निवडण्याचा विचार त्यांना करता येतो.

परंतु त्वचेची ॲलर्जी आणि सांध्याभोवतालची प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेला कधीही पुरळ न आलेल्या रुग्णाच्या सांध्याभोवती तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. उलट, दागिन्यांनी पुरळ येणाऱ्या अनेकांचे कृत्रिम सांधे वर्षानुवर्षे उत्तम चालतात. त्यामुळे पाठीवर पट्ट्या लावून केली जाणारी ॲलर्जीची चाचणी सरसकट सर्वांना करण्यात अर्थ नाही, आणि ती निर्दोष आली म्हणून सांध्याची तपासणी टाळणेही योग्य नाही.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

'वय झालं, आता दुखणारच,' हे वाक्य आम्हा परिचारिकांना वॉर्डात फार वेळा ऐकू येते. कृत्रिम खुब्याच्या बाबतीत ते मनाशी धरून बसू नये. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने सरल्यावर चांगला बसवलेला सांधा दुखत नसतो. पुढील गोष्टी आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांची भेट घ्यावी :

• जांघेत, मांडीत किंवा नितंबाच्या बाजूला नव्याने सुरू झालेली वेदना
• खुब्याभोवती सूज, गाठ किंवा भरल्यासारखे वाटणे
• चालताना लंगडणे, पायात जोर न राहणे, जिना चढणे अवघड होणे
• सांध्यातून करकर किंवा खटखट आवाज येणे, सांधा निसटल्यासारखा वाटणे

रक्तातील कोबाल्टचे प्रमाण फार वाढल्यास खुब्यापासून दूरच्या अवयवांनाही बाधा होऊ शकते. असे रुग्ण थोडे असतात, परंतु त्यांची नोंद झालेली आहे. कानात आवाज येणे किंवा ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, हातापायांना मुंग्या येणे, धाप लागणे व हृदयाचे स्नायू दुर्बल होणे, थायरॉईडचे कार्य मंदावणे, विस्मरण किंवा सतत उदास वाटणे, ही त्याची लक्षणे होत. कोबाल्ट हृदयाला बाधक ठरू शकते, हे वैद्यकशास्त्राला १९६०च्या दशकातच कळले होते. कॅनडातील क्युबेक येथे बिअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचे क्षार मिसळले गेले आणि ती अतिप्रमाणात पिणाऱ्या अनेकांना हृदयविकार जडला.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. पायांना मुंग्या येणे, थकवा, धाप ही लक्षणे मधुमेह, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही दिसतात, आणि आपल्याकडे हे विकार कितीतरी अधिक आढळतात. त्यामुळे प्रत्येक मुंगीचा दोष सांध्याला देऊ नये. मात्र फिजिशियन, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ यांच्याकडे जाताना 'माझा खुबा धातूचा आहे' एवढे वाक्य अवश्य सांगावे. ते सांगितले नाही, तर हा संबंध कोणाच्याही लक्षात येणार नाही.

ब-१२च्या रेणूत कोबाल्ट असते, म्हणून काही जण त्याच्या गोळ्या बंद करतात. तसे करू नये. त्यातील कोबाल्ट अत्यल्प आणि रेणूत बांधलेले असते. गोळ्या बंद केल्याने लाभ होत नाही. कमतरता मात्र वाढते.

ताप, थंडी, व्रणातून पू किंवा पाणी येणे आणि सांध्याला अचानक तीव्र ठणका लागणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कोणत्या तपासण्या कराव्या?

मोठ्या गोळ्याचा व दांडीचा 'धातूवर धातू' सांधा, तसेच उत्पादकाने परत मागवलेला कोणताही सांधा असलेल्या रुग्णांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, आणि सांधा शरीरात असेपर्यंत ती सुरू ठेवावी. इतरांसाठी किती अंतराने तपासणी हवी, हे अस्थिरोगतज्ज्ञ सांध्याचा प्रकार व आकार पाहून ठरवतील. तपासणीचे भाग असे :

१. प्रत्यक्ष तपासणी. चाल, स्नायूंचा जोर, सांध्याची हालचाल आणि सूज पाहणे.

२. एक्स-रे. वाटीचा कोन, सांधा सैल झाला आहे का, हाड पोखरले आहे का हे पाहणे. जुने एक्स-रे सोबत न्यावेत. तुलनेतूनच खरा बदल कळतो.

३. रक्तातील कोबाल्ट व क्रोमियम. ही तपासणी सर्वत्र होत नाही. नमुना सूक्ष्म धातूंसाठी असलेल्या खास नळीतच घ्यावा लागतो. साध्या नळीतील धातूंचे अंश मिसळले, तर आकडा चुकीचा येतो. प्रत्येक वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने तपासणी करावी.

४. एमआरआय किंवा सोनोग्राफी. गाठ, द्रव आणि स्नायूंची हानी यांवरून दिसते. साध्या एमआरआयमध्ये धातूमुळे चित्र विस्कटते, म्हणून धातूचा अडथळा कमी करणाऱ्या विशेष पद्धतीने तो करावा लागतो. तपासणीला जाताना तंत्रज्ञांना खुब्याची माहिती आधीच द्यावी.

आकड्याचा अर्थ

ज्यांच्या शरीरात असा सांधा नाही, त्यांच्या रक्तात या धातूंचे प्रमाण सहसा लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. ब्रिटनच्या औषध व आरोग्य-उत्पादने नियामक संस्थेने एप्रिल २०१०च्या इशाऱ्यात लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही लक्ष देण्याची पातळी ठरवली. अहवालात 'पीपीबी' असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ जवळपास तोच होतो. या पातळीच्या वर आकडा आल्यास तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे आणि एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असा तो सल्ला होता.

ही पातळी म्हणजे आजाराची सीमारेषा नव्हे. आकडा ७च्या खाली असूनही स्नायूंची हानी झालेले रुग्ण आढळतात. आणि आकडा वर असूनही सांधा ठीक असलेले रुग्णही असतात. दोन्ही खुबे धातूचे असतील, तर प्रमाण अधिक येते. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील, तर धातू शरीराबाहेर टाकले जात नाहीत आणि ते साठतात. अशा रुग्णांवर अधिक लक्ष ठेवावे लागते. एका आकड्यापेक्षा तो वर्षागणिक चढतो आहे की स्थिर आहे, हे अधिक बोलके असते. हे धातू आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचतात. म्हणून असा सांधा असलेल्या स्त्रीने गरोदरपणाचा विचार करताना आधी डॉक्टरांशी बोलावे.

'शरीरातील धातू धुऊन काढतो' असे सांगणारे काढे, पावडरी आणि सलाइन यांपासून दूर राहावे. धातू सोडणारा सांधा जागेवर असेपर्यंत धातू येतच राहणार.

सांधा बदलावा लागतो तेव्हा

हा सांधा असलेल्या प्रत्येकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. केवळ भीतीपोटी चांगला चालणारा सांधा काढणे हितकारक नाही, कारण दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. परंतु वाढती गाठ, स्नायूंची किंवा हाडाची हानी, न थांबणारी वेदना किंवा सतत चढणारे धातूंचे प्रमाण असेल, तर ती लांबणीवर टाकू नये. नवा सांधा धरून ठेवायला हाड आणि स्थिर ठेवायला स्नायू लागतात. ते शाबूत असताना केलेली शस्त्रक्रिया बहुधा चांगला परिणाम देते. ते नष्ट झाल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सांधा निखळण्याचा आणि कायमचे लंगडेपण राहण्याचा धोका वाढतो. वेळेवर तपासणी करण्याचा खरा लाभ हाच आहे. धातूचे घासणारे भाग काढून सिरॅमिक किंवा पॉलिएथिलीनचे भाग बसवले की रक्तातील धातूंचे प्रमाण पुढील आठवड्यांत व महिन्यांत उतरू लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विनंती करावी की, काढलेल्या भागांवरील क्रमांक नोंदवावेत, ऊतींचा नमुना तपासणीसाठी पाठवावा आणि भाग जपून ठेवावेत.

एएसआर खुबा आणि भारतातील रुग्ण

डिप्यू या कंपनीचा 'एएसआर' हा याच प्रकारचा खुबा होता. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर बदलावा लागत असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदींतून दिसून आले. डिसेंबर २००९ मध्ये तो तेथील बाजारातून काढून घेण्यात आला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदींनुसार पाच वर्षांच्या आत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांत तो बदलावा लागला होता. तोवर जगात सुमारे ९३,००० आणि भारतात सुमारे ४,७०० एएसआर सांधे बसवले गेले होते.

केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये या प्रकरणी तज्ज्ञ समिती नेमली. समितीचे काम चालू असताना सर्वांत मोठी अडचण दिसली ती ही की, भारतातील बहुसंख्य रुग्णांचा मागच लागत नव्हता. पत्ते बदलले होते, कागद हरवले होते, आणि आपल्या शरीरात एएसआर आहे हे अनेकांना माहीतच नव्हते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने रुग्णाचे वय आणि अपंगत्वाचे प्रमाण विचारात घेऊन भरपाई ठरवण्याचे सूत्र मान्य केले आणि राज्यस्तरीय समित्यांमार्फत दावे तपासण्याची व्यवस्था ठरवली. या सूत्राविषयीचे वाद न्यायालयांपुढेही गेले. म्हणून ज्यांना एएसआर सांधा बसवला आहे, त्यांनी दाव्याच्या सद्यःस्थितीची माहिती आपल्या राज्याच्या औषध नियंत्रकांकडे घ्यावी. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. शस्त्रक्रिया एका राज्यात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात असेल, तर दोन्ही ठिकाणचे पुरावे हाताशी ठेवावेत.

आपला सांधा कसा ओळखावा?

डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणी आणि बिल शोधावे. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते. तीवर कंपनी, सांध्याचे नाव, आकार, संदर्भ क्रमांक आणि लॉट क्रमांक छापलेले असतात. ही पट्टी रुग्णाच्या कागदांत चिकटवण्याची पद्धत आहे. ती सापडली की प्रश्न सुटला.

न सापडल्यास ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथील अभिलेख विभागाकडे लेखी अर्ज करावा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२च्या विनियमांनुसार, रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे अपेक्षित आहे. मात्र आंतररुग्णाचे कागद जपण्याची मुदत त्यांत उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे. सांधा त्याहून कितीतरी अधिक काळ शरीरात राहतो. म्हणून घरातली प्रत हाच खरा दस्तऐवज समजावा. कागद मुळीच न मिळाल्यासही निराश होऊ नये; एक्स-रे पाहून अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञांना सांध्याच्या प्रकाराचा अंदाज करता येतो.

घरच्यांसाठी थोडक्यात

• आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा खुबा बदललेला असेल, तर या आठवड्यात त्यांचे कागद काढून चिकटपट्टी पाहा. तिचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत घरातील दुसऱ्या व्यक्तीला द्या.
• सांधा 'धातूवर धातू' प्रकारचा असल्यास, त्रास नसला तरी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.
• जुने एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावा.
• कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना खुब्याचा उल्लेख करा.
• दुखणे लपवण्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून दीर्घकाळ घेऊ नका. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि धातू बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात.
• सांध्यामुळे त्रास झाल्यास त्याची नोंद करा. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या प्रतिकूल घटनांची नोंद घेण्यासाठी देशात जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी माहिती देता येते. रुग्ण स्वतः किंवा त्यांचे नातेवाईकही ही माहिती देऊ शकतात.

एएसआरचा दोष ज्या देशांत लवकर उघडकीला आला, तेथे तो नोंदवहीतून उघडकीला आला. कोणाला कोणता सांधा बसवला आणि तो केव्हा बदलावा लागला, हे लिहून ठेवलेले होते. आपण केलेली नोंद आपल्या उपचाराला उपयोगी पडेलच. तोच सांधा बसवलेल्या पण आपल्याला अनोळखी असलेल्या एखाद्या रुग्णालाही ती वेळीच सावध करील.

 आपले कागद शोधा, आपल्या सांध्याचे नाव जाणून घ्या आणि पुढील तपासणीची तारीख आजच लिहून ठेवा.